विरोधी बाकावरच्या नव्या खासदाराचं संसदीय काम: अधिवेशनाआधी काय काय लावून ठेवायचं?

दप्तरी

लोकसभेतल्या एका खासदारांच्या कार्यालयात संसदीय कामाची जबाबदारी घेतली आहे. खासदार विरोधी पक्षाचे, पहिल्यांदाच निवडून आलेले, बसायला मागची रांग. पक्षाच्या वाट्याला येणारा वेळ ज्येष्ठांमध्येच संपतो. मतदारसंघातून मात्र रोज विचारणा होते, ‘साहेब दिल्लीत काय बोलले?’

नियमावली वाचली आहे. कुठला नियम कशासाठी ते कळतं, पण प्रत्यक्षात कशाचा उपयोग होतो आणि कशात नुसता कागद वाया जातो ते कळत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रश्न फेटाळले जाऊ नयेत म्हणून कसे लिहायचे? बोलायला वेळ मिळवायचे मार्ग कोणते? खाजगी विधेयकावर (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकावर) वेळ घालवावा का? पक्षीय चर्चा नको, कामाचं सांगा.

---

बुलेटिन भाग दोन

प्रश्नांपासून सुरुवात करा. विरोधातल्या मागच्या बाकाचं खरं हत्यार तेच. भाषणाला मंत्री उत्तर देईलच असं नाही, पण प्रश्न दाखल झाला की मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावंच लागतं आणि ते कायमचं नोंदीत राहतं.

आधी आकडे. एका दिवसासाठी तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो ते) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) मिळून पाच नोटिसा देता येतात. दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. एका खासदाराचा तारांकित त्या दिवशी एकच. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी हवी. नोटिशीचा दिवस आणि उत्तराचा दिवस त्यात धरत नाहीत. मंत्रालयांचे पाच गट असतात, प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. अधिवेशनाचं समन्स (बोलावणं) निघालं की कोणत्या तारखेच्या प्रश्नांची शेवटची मुदत कधी, याचा तक्ता लोकसभेच्या बुलेटिन भाग २ मध्ये (सदस्यांसाठीच्या सूचनापत्रकात) येतो. तो छापून भिंतीवर लावा. अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न लिहायला बसलात तर पहिले दोन आठवडे हातचे गेलेच.

आता मजकूर. कांद्याचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळे खड्डे एकत्र सापडतात. नवशिका प्रश्न असा असतो: ‘कांदा उत्पादक शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान होत आहे हे खरे आहे काय, आणि सरकार त्यावर काय करत आहे?’ हा दाखल झाला तरी उत्तर ठरलेलं. शेती हा राज्याचा विषय आहे, आणि पुढे योजनांची दोन पानं.

मुळात कांदा एका मंत्रालयाचा नाही. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य वाणिज्य मंत्रालयाकडे, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, भाव आवरण्यासाठीच्या बफर साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे, लागवड आणि उत्पादनाचे आकडे कृषी मंत्रालयाकडे. चुकीच्या मंत्रालयाला लिहिलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो. त्याचा वार वेगळा पडतो आणि तुमचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून चार वेगळे प्रश्न करा. ग्राहक व्यवहारचा साधारण असा (त्यातल्या नाफेड आणि एनसीसीएफ म्हणजे केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था):

(अ) मागील तीन वर्षांत किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफने खरेदी केलेला कांदा, वर्षनिहाय व राज्यनिहाय;
(ब) त्यापैकी शेतकऱ्यांकडून थेट किती आणि शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्थांमार्फत किती;
(क) प्रत्येक वर्षाचा सरासरी खरेदी दर आणि सरासरी विक्री दर;
(ड) साठवणुकीत खराब झालेल्या मालाचे प्रमाण;
(इ) खरेदीतील गैरव्यवहाराच्या किती तक्रारी आल्या, त्यांवर काय कारवाई झाली, आणि नसल्यास त्याची कारणे.

यात विशेषण नाही, आरोप नाही, मत मागितलेलं नाही. प्रत्येक भाग केंद्राच्या निधीला बांधलेला आहे, म्हणून ‘राज्याचा विषय’ ही पळवाट बंद होते. जिल्हानिहाय माहिती मागायचा मोह टाळा. ‘अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही’ हे एका वाक्याचं उत्तर मग पूर्ण प्रश्नाला लागतं. जिल्ह्याचं हवंच असेल तर वेगळा अतारांकित टाका, चांगल्या प्रश्नात ते मिसळू नका.

फेटाळण्याची नेहमीची कारणं अशी: मजकूर १५० शब्दांपुढे गेला, प्रकरण न्यायालयात आहे, विषय मुळात केंद्राचा नाही, तेच उत्तर आधी दिलेलं आहे, माहिती प्रकाशित अहवालात सहज मिळते, कायद्याचा अर्थ किंवा सरकारचं मत विचारलं आहे, किंवा विषय संसदीय समितीपुढे आहे. पाठवण्याआधी लोकसभेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि मुख्य शब्द टाकून मागची उत्तरं शोधा. यातून दुहेरी फायदा होतो. पुनरावृत्ती टळते, आणि मागच्या उत्तरातला आकडा पकडून पुढचा प्रश्न रचता येतो. २०२३ च्या उत्तरात एक आकडा आणि २०२५ च्या उत्तरात त्याच वर्षाचा दुसरा आकडा असं निघालं, तर तुमच्या हातात भाषणापेक्षा मोठी गोष्ट आहे.

प्रश्न यादीत लागणं शेवटी सोडतीवर आहे. म्हणून पाच नोटिसांचा कोटा रोज पूर्ण भरा, पाचही दिवस. आठवड्याला पंचवीस.

आणखी एक, फार गंभीर. खासदारांचं पोर्टलचं लॉगिन तुम्ही वापरायचं नाही. मसुदा तुमचा, पण नोटीस त्यांनी स्वतः पाठवायची. लॉगिन दुसऱ्याच्या हाती देण्याच्या प्रकरणातच डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतून एका सदस्याची हकालपट्टी झाली.

---

मागचा बाक

वरचं सगळं बरोबर. फक्त एक भर. तारांकित लागला आणि वरच्या चार-पाचांत आला, तर उत्तराची प्रत प्रश्नोत्तराचा तास सुरू होण्याआधी मिळते. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात. ते आदल्या रात्री पाठ करून ठेवू नका, उत्तर हातात आल्यावर लिहा. पहिला उपप्रश्न उत्तरात जे टाळलंय त्यावर, दुसरा तारखेवर: ‘हे कधीपर्यंत होणार?’ दोन्ही वीस-पंचवीस शब्दांत. प्रस्तावना करत बसलात की अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात आणि मंत्र्याला हवं ते बोलायला मोकळीक मिळते.

आता वेळ मिळवण्याबद्दल. विधेयकावरच्या चर्चेचा वेळ कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो पक्षाच्या संख्येनुसार वाटला जातो. नावं पक्षाकडून जातात. म्हणजे तुमची खरी लढाई अध्यक्षांशी नसून स्वतःच्या प्रतोदाशी (पक्षाच्या सदस्यांची सभागृहातली शिस्त सांभाळणाऱ्याशी) आहे! त्याच्याकडे ‘साहेबांना बोलायचंय’ म्हणून जाऊ नका. ‘अमुक विधेयकाच्या कलम ७ आणि १२ वर आमची तयारी आहे’ म्हणून जा. रटाळ, तांत्रिक विधेयकांना बोलणारे मिळत नाहीत. तिथे नाव पटकन लागतं.

पक्षाच्या वेळेवर अवलंबून नसलेल्या जागा यापेक्षा जास्त कामाच्या.

शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ: आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत नोटीस, मग सोडत. नियमावलीत हा शब्दच नाही, सगळं अध्यक्षांच्या मर्जीवर. मंत्र्यावर उत्तराचं बंधन नाही. दीड-दोन मिनिटं धरा. एकच मागणी, एकच आकडा, एकच गाव. मतदारसंघात दाखवायला सगळ्यात सोयीचं हेच.

नियम ३७७, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाचा विषय लेखी मांडायची जागा: आठवड्यातून एकदा, २५० शब्दांच्या आत, लेखी मजकूर आधी मंजूर होतो आणि तोच वाचायचा, एक शब्द इकडेतिकडे केलात तर तो नोंदीत जात नाही. पुष्कळदा तर वाचायलाही मिळत नाही, नुसता पटलावर ठेवला जातो (सभागृहाच्या नोंदीत दाखल होतो). तरीही हे सोडू नका, कारण मंत्रालयाने महिनाभरात खासदारांना लेखी उत्तर पाठवणं अपेक्षित असतं. शून्य प्रहराचं भाषण लोक बघतात, ३७७ चं उत्तर फायलीत लागतं.

विधेयक सादर होण्यालाच विरोध: नियम ७२. त्याच दिवशी सकाळी १० च्या आत नोटीस. थोडक्यात निवेदन करू देतात. मुद्दा ‘या सभागृहाला हा कायदा करण्याचा अधिकारच नाही’ असा असेल तर अध्यक्ष पूर्ण चर्चेला परवानगी देऊ शकतात. ‘विधेयक वाईट आहे’ हा मुद्दा तिथे चालत नाही, त्याची जागा पुढे विचाराच्या वेळी, म्हणजे विधेयक चर्चेला येतं तेव्हा.

अध्यादेश नामंजूर करण्याचा ठराव: याकडे नवे खासदार बघतच नाहीत. अध्यादेशाच्या जागी विधेयक येतं तेव्हा घटनेच्या अनुच्छेद १२३ खाली हा ठराव देता येतो आणि तो विधेयकाबरोबर एकत्रच चर्चेला घेतात. ठराव मांडणारा चर्चेच्या सुरुवातीलाच बोलतो आणि शेवटी त्याला उत्तराचाही हक्क असतो. मागच्या रांगेतल्या माणसाला चर्चेची सुरुवात करायला देणारी दुसरी जागा नियमांत क्वचितच आहे. ठराव पडणार हे उघड आहे. त्याने बिघडत काही नाही.

दुरुस्त्या: नियम ७९, विचाराच्या किमान एक दिवस आधी. विधेयकं हल्ली घाईने लागतात, म्हणून सादर झाल्याच्या दिवशीच मसुदा घ्या. ‘पान ३, ओळ १४, अमुक शब्दांऐवजी तमुक’ अशी नेमकी भाषा. कलम पुकारलं तेव्हा खासदार जागेवर नसतील तर दुरुस्ती मांडली गेली असं धरतच नाहीत. जेवायला जाऊन दुरुस्त्या घालवणारे कमी नाहीत.

मतविभाजन (आवाजी मतदानाऐवजी मतं मोजणं) मागायचं असेल तर स्वतःच्या जागेवरून मागा. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० ला कृषी विधेयकांच्या वेळी मतविभाजन नाकारलं गेलं, तेव्हा सदस्य आपापल्या जागेवर नव्हते हेच कारण दिलं गेलं. ते खरं की खोटं हा वाद अजून मिटलेला नाही. पण ती सबब मिळू देऊ नका.

---

कोरम

खाजगी विधेयकाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. कायदा होईल म्हणून करणार असाल तर करू नका. स्वातंत्र्यानंतर अशी १४ च विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. २०१५ मध्ये द्रमुकच्या तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेतून ते पार पडलं नाही. सरकारने पुढे स्वतःचं आणलं.

तरीही एक तरी द्या. बॅ. नाथ पै राजापूरहून निवडून यायचे, कायम विरोधात. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांच्या भागातही घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारं खाजगी विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर चर्चा झाली, पण मंजूर झालं नाही. १९७१ मध्ये सरकारने २४वी घटनादुरुस्ती केली ती त्याच दिशेची. विधेयक म्हणजे कायद्याच्या भाषेत लिहिलेली मागणी. एवढी अपेक्षा ठेवली तर ते फुकट जात नाही.

करायचं कसं: एक महिन्याची नोटीस. सोबत उद्देश व कारणांचं निवेदन. खर्च येणार असेल तर वित्तीय निवेदन. नियम करण्याचे अधिकार सरकारला देत असाल तर त्याचं वेगळं निवेदन. यातलं एखादं राहिलं की विधेयक परत येतं. मोठा खड्डा म्हणजे अनुच्छेद ११७. ‘मंडळ स्थापन करण्यात येईल’, ‘अनुदान देण्यात येईल’ असं लिहिलंत की संचित निधीतून (केंद्राच्या तिजोरीतून) खर्च आला. सादर करता येईल, पण विचारार्थ घ्यायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि ती म्हणजे व्यवहारात सरकारची. म्हणून शक्यतो चालू कायद्यात छोटी दुरुस्ती सुचवा, ज्यात नवा खर्च नाही. तीन-चार कलमं पुरेत. घटनादुरुस्तीचं असेल तर सादर होण्याआधी खाजगी विधेयकांच्या समितीकडून तपासलं जातं, तो वेळ धरा. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, एका आठवड्याला विधेयकं, पुढच्याला ठराव. सादर होणं सोपं, चर्चेला लागणं सोडतीवर.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. विभागसंलग्न स्थायी समिती, म्हणजे ठरावीक मंत्रालयांचं काम तपासणारी खासदारांची समिती. २४ समित्या, प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यातले २१ लोकसभेचे. कॅमेरा नाही, व्हीप (पक्षादेश) नाही, आणि सचिव समोर बसलेला असतो. सभागृहात दोन मिनिटं मिळत नाहीत त्या खासदाराला इथे वीस मिनिटं मिळतात, कारण बरेच सदस्य वाचून येत नाहीत.

बैठकीआधी समितीचं सचिवालय मंत्रालयाला लेखी मुद्द्यांची यादी पाठवतं. तुमचे मुद्दे त्या यादीत घाला. बैठकीत तोंडी विचारलेल्याला ‘लेखी कळवू’ म्हणून निभावता येतं. यादीतल्याचं उत्तर तयार करूनच यावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये अनुदान मागण्या (मंत्रालयांनी मागितलेला वर्षाचा खर्च) तपासताना तीन रकाने शेजारी ठेवा: अर्थसंकल्पी तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. ज्या योजनेत तिसरा रकाना पहिल्याच्या निम्म्यावर आहे तिथे बोट ठेवा आणि कारण विचारा. अहवालाशी पटलं नाही तर असहमतीची टिपणी जोडता येते, पण ती मुदतीत आणि समितीपुढे आलेल्या साक्षीपुरतीच ठेवा. बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही. अहवाल पटलावर येण्याआधी त्यातला मजकूर पत्रकाराला दिला तर हक्कभंग ओढवतो.

कपात सूचनांवर (या मागण्यांतली रक्कम कमी करा असं सुचवण्यावर) फार जीव टाकू नका. धोरण कपात म्हणजे मागणी १ रुपयावर आणा, काटकसर कपात म्हणजे ठरावीक रक्कम कमी करा, प्रतीकात्मक म्हणजे १०० रुपये कमी करा. मतदारसंघाची गाऱ्हाणी प्रतीकात्मक कपातीत बसतात आणि छापून वाटली जातात, एवढाच लाभ. बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिनखाली (चर्चेविना एकदम मताला) जातात, सूचना तिथेच संपतात.

---

दप्तरी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर पुढे काय करायचं? आणि पक्षाने हौद्यात (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, निदर्शनासाठी) उतरायला सांगितलं तर आपण लावलेल्या प्रश्नांचं काय होतं?

---

बुलेटिन भाग दोन

‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य आलं की खूश व्हा. ते आश्वासन धरलं जातं. ‘विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहू’ यांसारख्या ठरलेल्या वाक्यांचंही तसंच. शासकीय आश्वासन समिती त्याची नोंद घेते आणि सरकारने ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. मुदतवाढ मागता येते, आणि मागतातच. आश्वासन सोडून द्या अशी विनंतीही मंत्रालय करू शकतं. समिती दरवेळी मानत नाही. तुम्ही वेगळी वही ठेवा: प्रश्न क्रमांक, तारीख, उत्तरातलं नेमकं वाक्य, तीन महिन्यांनंतरची तारीख. ती उलटली की समितीच्या सभापतींना खासदारांचं पत्र. उत्तर अपुरं असेल तर अर्ध्या तासाच्या चर्चेची नोटीस, तीन दिवस आधी, सोबत कारणांची टिपणी. ही चर्चा सोमवार, बुधवार, शुक्रवारी होते.

हौद्याबद्दल. नियम ३७४-अ खाली अध्यक्षांनी नाव घेतलं की पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, जे कमी असेल तेवढं निलंबन आपोआप होतं. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतले १०० विरोधी खासदार निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या नावावरचे प्रश्न यादीतून काढले गेले. निलंबनाच्या काळात नोटीस स्वीकारत नाहीत, समितीच्या बैठकीलाही बसता येत नाही. म्हणजे १५ दिवस आधी लावलेली सगळी मांडणी एका दुपारी जाते. पक्षाचा आदेश पाळायचा की नाही हे खासदार ठरवतील. तुम्ही त्यांच्यापुढे एवढंच ठेवा: त्या आठवड्यात कोणते प्रश्न कितव्या क्रमांकावर लागले आहेत.

---

मागचा बाक

भाषणाचं एक राहिलं. कोणावर नाव घेऊन आरोप करायचा असेल तर नियम ३५३: अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी पुरेशी सूचना. नाहीतर तेवढा भाग कामकाजातून वगळला जातो, आणि वगळलेल्या भागाची क्लिप प्रसिद्ध करणं हा हक्कभंग. म्हणून भाषण झाल्या झाल्या व्हॉट्सअॅपवर टाकायची घाई करू नका, काय वगळलंय ते आधी बघा. प्रतिवृत्ताची (बोललेल्याच्या शब्दशः नोंदीची) प्रत दुरुस्तीला येते तेव्हा आकडे आणि गावांची नावं तपासा. फक्त ऐकण्यातल्या चुका सुधारता येतात, बोललेलं बदलता येत नाही. मराठीत बोलणार असतील तर मुद्दे आणि विशेषनामं दुभाषांकडे आधी पोचवा.

आणि संसद ग्रंथालयाची संदर्भ सेवा वापरा. खासदारांच्या नावाने लेखी मागणी केली की आकडेवारी, जुन्या चर्चा, इतर देशांतले कायदे काढून देतात. तिथूनच मधु लिमयांच्या १९६०-७० च्या दशकांतल्या चर्चा काढून वाचा. माणूस पुण्याचा, निवडून यायचा बिहारमधून. नियमाचा क्रमांक सांगून सरकारला अडवायचं कसं, हे त्या पानांत शिकायला मिळतं.

---

सांगोलेकर

इथे आमदारांच्या कार्यालयातलेही बरेच वाचत असतील, म्हणून थोडं महाराष्ट्राचं. वरचे नियम क्रमांक लोकसभेचे आहेत, मुंबई-नागपुरात ते चालणार नाहीत. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) विधानसभेत नियम १०५, परिषदेत १०१. कामकाज थांबवून चर्चा मागायची तर विधानसभेत ९७ चा स्थगन प्रस्ताव, परिषदेत २८९. विरोधकांच्या मोठ्या चर्चा विधानसभेत २९३ खाली, परिषदेत २६० खाली. अंतिम आठवडा प्रस्ताव (अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यातली चर्चा) विरोधी पक्षाचा. त्यात तुमच्या तालुक्याची एक ओळ घालून घ्यायची असेल तर मसुदा पक्का व्हायच्या आत विरोधी पक्षनेत्यांच्या कार्यालयात जाऊन बसावं लागतं, नंतर कोणी हात लावू देत नाही.

दिल्लीत जे काम तारांकित प्रश्न करतो ते इथे बरंचसं लक्षवेधी करते, कारण मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि त्याची प्रत आधी हातात येते. तिच्यातही ‘चौकशी करण्यात येईल’ एवढ्यावर बसू नका. कोण करणार, किती दिवसांत, आणि अहवाल पटलावर ठेवणार का, हे तिन्ही उभ्याउभ्या वदवून घ्या.